झाकली मूठ कोणाच्या हातात?

पिंप्राळ्यात कुठल्याही ओट्यावर दत्तक मुलाचा विषय निघाला, की बोलणाऱ्यांचा आवाज खाली येतो. मग कुणी वडीलधारं सल्ला देतं, ‘पोऱ्याले कशाले सांगता भाऊ? उगा मनावर घेईन. शिकू द्या, लग्न होऊ द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.’ असा सल्ला देणारी माणसं दुष्ट नसतात. रात्री-अपरात्री दवाखान्यात सोबत येणारी, लग्नात पंगत सांभाळणारी तीच असतात. म्हणून त्यांचं ऐकलं जातं, आणि म्हणूनच त्यांना उघड उत्तर देणं मला भाग वाटतं. आपण कोणाच्या पोटी जन्मलो, आपला बाप कशानं गेला, आपल्याला आणखी भावंडं आहेत का, हे मुलाच्या स्वतःच्या आयुष्यातलं आहे. ते त्याच्यापासून कायमचं लपवून ठेवायचा हक्क आईबापांना नाही, आजी-आजोबांना नाही, भाऊबंदांना तर नाहीच.

आमच्या भागात मूल मांडीवर देण्याची रीत जुनी आहे. थोरल्याला मूल नाही, धाकट्याला तीन आहेत, मग तिसरा थोरल्याच्या मांडीवर. पाच माणसं बसतात, नारळ होतो, कुणी कागद करून घेतं, कुणी नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम ११ पाहा. दत्तहोम केलाच पाहिजे असं ते म्हणत नाही, पण मूल प्रत्यक्ष दिलं-घेतलं गेलं पाहिजे, ही अट घालतं. आणि नोंदणीकृत कागद नसेल आणि पुढं कधी वाद झाला, तर ते देणं-घेणं बहुतेकदा साक्षीदारांच्या तोंडूनच सिद्ध करावं लागतं. तेव्हा आपल्याकडचं दत्तक हे मुळातच चारचौघांसमोर होणारं काम आहे. मामाला ठाऊक असतं, आत्याला ठाऊक असतं, शेजारच्या आजीला आणि हळदीला जमलेल्या निम्म्या बायकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं फक्त त्या मुलाला. ज्याला तो ‘काका’ म्हणतो तो त्याचा जन्मदाता आहे, हे त्याच्याखेरीज सगळ्या भावकीला माहीत असतं. याला गुपित म्हणायचं तरी कसं? एका माणसाला त्याच्याच बाबतीत अंधारात ठेवायचं, असा हा सगळ्यांनी मिळून केलेला करार आहे.

पिंप्राळा आता गाव राहिलेलं नाही, जळगाव शहरात मिसळून गेलंय. हुडकोत आणि आजूबाजूच्या कॉलन्यांत यावल, रावेर, चोपडा, एरंडोल, पारोळा अशा तालुक्यांतून आलेली कुटुंबं राहतात. काहींना वाटतं, गाव सुटलं, आता इथं कोण ओळखतंय, गुपित सुरक्षित झालं. पण मुलाचं नातं गावाशी तुटत नाही. लग्न जमवायला गावच लागतं, जत्रेला गावीच जायचं असतं, शेताच्या वाटणीची नोंद तिथल्याच तलाठ्याकडं होते. आणि शहर जितकं मोठं, तितके कागद जास्त.

या कागदांबद्दल जरा विस्तारानं बोललं पाहिजे, कारण ‘कळणारच नाही’ हा भरवसा त्यांच्यापुढं टिकत नाही. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जात पडताळणीसाठी वडिलांचे आणि आजोबांचे पुरावे, पासपोर्ट, सातबाऱ्यावरची वारस नोंद. यांतल्या प्रत्येक ठिकाणी कुठलं ना कुठलं नाव दुसऱ्या नावाशी जुळत नाही. मग कुठल्या तरी खिडकीपलीकडचा कारकून विचारतो, ‘हे कोण?’ आणि तिशीतल्या माणसाला आपल्या जन्माची बातमी तिथं रांगेत उभ्याउभ्या मिळते. कागदाचं सोडा, रक्तच बोलतं. बारावीच्या जीवशास्त्राच्या वर्गात रक्तगटाची आनुवंशिकता शिकवतात. आई-वडील दोघांचा गट ‘ओ’ असेल तर मुलाचा सहसा ‘ए’ किंवा ‘बी’ येत नाही. सतरा वर्षांचं पोरगं घरी येऊन सगळ्यांचे रक्तगट विचारतं, तेव्हा आई स्वयंपाकघरात का निघून जाते, हे त्याला त्या दिवशी नसलं तरी कधीतरी उमगतंच. आपल्या खानदेशात सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या माणसांची तपासणी होते आणि लग्नाआधी दोघांनी आपापली कार्डं पाहावीत असा आग्रह धरला जातो. मूल वाहक निघालं आणि आई-वडील दोघंही वाहक नाहीत असं दिसलं, तर त्या कार्डाला काय समजावणार?

आणि याच राज्यात आपण २०२३ पासून काय पाहिलं? कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि घराघरांत पणजोबा-खापरपणजोबांचा शोध सुरू झाला. गाव नमुना १४ ची जुनी, हातात घेताच चुरा होणारी पानं उलटली गेली, मोडी वाचणाऱ्यांना शोधून आणलं गेलं, शाळांचे शंभर वर्षांपूर्वीचे दाखले निघाले. ते योग्यच होतं, कारण माणसाचं मूळ कागदावर असणं किती मोलाचं असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग खापरपणजोबाच्या एका नोंदीसाठी रेकॉर्ड रूममध्ये दिवस घालवणारा समाज घरातल्या मुलाला त्याच्या सख्ख्या आईचं नाव सांगताना मागं का सरतो? चार पिढ्यांपूर्वीचं मूळ महत्त्वाचं आणि कालचं मूळ झाकून ठेवण्यासारखं, हे कुठल्या न्यायात बसतं?

त्याच १९५६ च्या कायद्यातली आणखी एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. कलम १२ म्हणतं, दत्तक गेल्या दिवसापासून मुलाचे जन्माच्या घराशी असलेले सगळे संबंध संपले. पण लगेच एक अपवाद येतो. जन्माच्या घरात राहिला असता तर ज्या नात्यात त्याचं लग्न होऊ शकलं नसतं, त्या नात्यात दत्तक गेल्यावरही होऊ शकत नाही. म्हणजे कायद्यानंही रक्ताचं नातं पुसलेलं नाही. आता सांगा, ज्याला जन्माचं घरच ठाऊक नाही, त्यानं हा नियम पाळायचा कसा? आपल्याकडं सोयरीक जमवताना कुळ पाहतात, देवक पाहतात, गोत्र पाहतात, काही समाजांत भाटाच्या वहीतली वंशावळ वाचतात. एवढी चौकशी करणारी माणसंच ‘लग्न होईपर्यंत सांगू नका’ असा सल्ला देतात. लग्नाआधीच सांगायला हवं, त्याला एवढं एक कारणही पुरेसं आहे.

आता मुख्य मुद्द्याकडं येतो. लपवणाऱ्यांचं म्हणणं असतं की कळलं तर मूल कोसळेल. मोठेपणी अचानक कळलेली माणसं कोसळतात, हे खरंच आहे. पण ती कशानं कोसळतात, हे नीट पाहिलं पाहिजे. अमेरिकेत अमांडा बाडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दत्तक गेलेल्या प्रौढांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना अगदी लहानपणापासून ठाऊक होतं त्यांच्यापेक्षा, वयाच्या तिसऱ्या वर्षानंतर कळलेल्यांनी जास्त मानसिक त्रास आणि कमी समाधान सांगितलं. तिसरं वर्ष! आपण थांबतो लग्नापर्यंत. उशिरा कळलेल्या माणसाला ‘मी दत्तक आहे’ यापेक्षा ‘सगळ्यांना माहीत होतं’ हे जास्त लागतं. मग तो मागचं सगळं आयुष्य पुन्हा तपासायला बसतो. राखीपौर्णिमेला ती काकू माझ्याकडं तशी का पाहत होती? आजीला मृत्यूपूर्वी माझा हात धरून काय सांगायचं होतं? मामा भांडणात अर्ध्या वाक्यावर का थांबला? ज्या आठवणींवर माणूस उभा असतो, त्यांतली प्रत्येक संशयाची होते. आई-वडिलांच्या प्रेमावरसुद्धा त्याची सावली पडते, आणि हे फार वाईट आहे, कारण ते प्रेम बहुतेक घरांत अगदी खरं असतं.

आज आपल्या बोलण्यात सहज येणारा ‘आयडेंटिटी क्रायसिस’ हा शब्द ज्यानं जगाला दिला, त्या एरिक एरिक्सनच्या घरची हकिगत इथं सांगितलीच पाहिजे. त्याचा जन्म १९०२ चा, फ्रँकफर्टचा. त्याच्या आईनं, कार्ला अब्राहमसेननं, त्याचा बाप कोण हे त्याला कधीच सांगितलं नाही. तो लहान असताना तिनं थिओडोर होम्बर्गर या डॉक्टरशी लग्न केलं आणि हाच तुझा बाप असं त्याला सांगितलं. उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा हा मुलगा ज्यू घरात वाढला. ज्यू पोरं त्याला परका समजत आणि शाळेतली जर्मन पोरं ज्यू म्हणून हिणवत. आरशातला चेहरा घरातल्या कुणाशी जुळत नव्हता. खरा बाप कोण हे त्याला शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. अमेरिकेत गेल्यावर, १९३९ मध्ये, त्यानं स्वतःच्या नावापुढं ‘एरिक्सन’ लावलं, म्हणजे एरिकचा मुलगा, स्वतःच स्वतःचा. माणूस ‘मी कोण’ या प्रश्नाशी कसा झगडतो, यावर त्यानं आयुष्यभर लिहिलं.

एवढं सोसलेल्या आणि एवढं समजलेल्या माणसानं स्वतःच्या घरात काय केलं? १९४४ मध्ये त्याच्या घरी नील हा डाउन सिंड्रोम असलेला मुलगा जन्मला. त्याला संस्थेत ठेवलं आणि घरातल्या मुलांना सांगितलं, बाळ जन्मतःच गेलं. नील पुढं वीसेक वर्षं जगला. त्या घरावर या लपवाछपवीचा जो भार पडला, त्याबद्दल एरिक्सनची मुलगी सू हिनं पुढं पुस्तकात लिहिलं. ही गोष्ट मी त्याला दोष द्यायला सांगत नाही. घरातलं मौन पिढीतून पिढीत कसं उतरतं, हे यातून दिसतं. ज्याला लपवल्याचा घाव माहीत आहे, तोही वेळ आली की लपवतो, कारण घरात त्यानं दुसरं काही पाहिलेलंच नसतं.

‘सांगितलं तर पोर आपलं राहणार नाही, खऱ्या आईबापांकडं जाईल.’ ही भीती मी खोटी म्हणत नाही. मांडीवर घेतलेल्या लेकराला अंगाखांद्यावर वाढवलेल्या बाईला ती वाटणारच. पण अनुभव काय सांगतो? १३ ऑगस्ट १९७९ ला पुण्यात जन्मलेली एक मुलगी ससून रुग्णालयाशी जोडलेल्या ‘श्रीवत्स’ या बालसंगोपन केंद्रात होती. हरेन आणि स्यू स्थळेकर या दांपत्यानं तिला घेतलं. आधी अमेरिका, मग केनिया आणि शेवटी सिडनी, असं ते घर फिरलं. तीच ऑस्ट्रेलियाची क्रिकेट कर्णधार झालेली लिसा स्थळेकर. आपण दत्तक आहोत हे तिला ठाऊक होतं आणि तिनं ते कधी लपवलं नाही. ती मोठी झाल्यावर ‘श्रीवत्स’ला भेट देऊन आली आणि आपल्या घरी परत गेली. ज्याला दार उघडं आहे हे माहीत असतं, त्याला ते फोडून जावं लागत नाही.

आणि महाराष्ट्राला यासाठी सिडनीपर्यंत जायची गरजही नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथं आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, आणि तो कुणाचा हे जगापासून लपवलं नाही. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतिरावांनी त्यालाच वारस केलं. उघडपणाची किंमत त्या घरानं मोजली, हे मी झाकणार नाही. यशवंताला मुलगी द्यायला लोक तयार नव्हते. अखेर ससाणे यांच्या घरातली राधा सून म्हणून आली. जोतिरावांच्या अंत्ययात्रेत यशवंतानं टिटवं धरण्यावरून भावकीनं वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतःच्या हातात घेतलं. त्रास झाला, पण तो समाजानं दिला. आणि तो त्रास होताना आई-वडील मुलाच्या बाजूला उभे होते. लपवलं असतं तर ते मुलाच्या विरुद्ध बाजूला, भावकीच्या रांगेत उभे दिसले असते. हा यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात आईनं बोलावल्यावर पुण्याजवळ रोग्यांची सेवा करायला आला. त्याला आपलं मूळ ठाऊक होतं. त्यानं तो कमी मुलगा झाला का?

एका आक्षेपापुढं मात्र मी थांबतो, आणि तो सर्वांत जड आहे. जन्म देणाऱ्या आईचं काय? अठराव्या वर्षी फसलेली, कुणालाही न सांगता बाळंत झालेली, आता कुठंतरी संसारात असलेली बाई. तिचं नाव बाहेर आलं तर तिचं घर मोडेल, कदाचित तिच्या जिवावर बेतेल. १८७५ मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांनी अनाथ अर्भकांसाठी गृह काढलं, कारण वारीच्या त्या गावात टाकून दिलेली बाळं सापडत. त्या बायकांना लपणं भाग होतं, आणि आजही अनेकींना आहे. त्यांच्या संरक्षणाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण इथं दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. तू आमच्या पोटचा नाहीस, तुझी आई अशा अडचणीत होती, तिनं तुला सोपवलं, हे सांगणं ही एक गोष्ट. तिचं नाव-गाव-पत्ता हातात देणं ही दुसरी. पहिली रोखायला कुठलंच कारण नाही. दुसरीसाठी देशाच्या दत्तक नियमावलीनं वाट काढून ठेवली आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेलं दत्तक मूल आपल्या मुळाच्या शोधासाठी स्वतः अर्ज करू शकतं. सोपवताना आईनं नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची संमती लागते. ती मिळाली नाही तरी कुठल्या परिस्थितीत सोपवलं, हे मुलाला सांगावं लागतं. आईची लाज राखणं आणि मुलाला त्याची हकिगत देणं एकाच वेळी शक्य आहे, असं मानूनच ही तरतूद केलेली आहे.

तरीही प्रत्यक्षात काय घडतं, ते १९७३ मध्ये जन्मलेल्या आणि पुण्यातल्या एका संस्थेतून जर्मनीला दत्तक गेलेल्या अरुण डोहले यांना विचारा. स्वतःचेच कागद पाहता यावेत म्हणून त्यांना इथल्या न्यायालयाची पायरी चढावी लागली. अनेक वर्षांच्या झगड्यानंतर, २०१० मध्ये, त्यांची आईशी भेट झाली. तिशी ओलांडलेला माणूस दुसऱ्या खंडातून येऊन वर्षानुवर्षं एका फाइलसाठी भांडतो, यावरून तरी ‘मोठं झाल्यावर काय फरक पडतो’ असं म्हणणाऱ्यांनी काही शिकावं. भारतानं १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचं सातवं कलम, शक्य तिथवर आपले आई-बाप कोण हे जाणण्याचा मुलाचा हक्क मान्य करतं. वय वाढलं म्हणून तो हक्क संपत नाही.

दत्तकाइतकंच आमच्या भागातलं आणखी एक मौन आहे, आणि त्याबद्दल बोलताना माझा हात जड होतो. कापूस गेला, कर्ज वाढलं, बापानं विषारी औषध घेतलं. पोरं तीन-पाच वर्षांची. घरात ठरतं, पोरांना सांगायचं साप चावला. कुणी सांगतं अटॅक आला. विधवेची इच्छा एवढीच असते की पोरांना बापाची शरम वाटू नये. तिच्यापुढं मी हात जोडतो. पण पोलिसांचा पंचनामा आहे, शवविच्छेदनाचा अहवाल आहे. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार मिळणाऱ्या एक लाखाच्या मदतीचं प्रकरण जिल्हा समितीपुढं गेलं आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरलं, त्याचा कागद आहे. त्या लाखातले सत्तर हजार ठेवीत ठेवायचे असतात, त्या ठेवीचं पुस्तक पेटीत आहे. पोरगं सोळाचं होतं, पेटी उघडतं, वाचतं. त्या क्षणी बाप दुसऱ्यांदा मरतो, आणि या वेळी सोबत रडायला कुणी नसतं, कारण विचारायचं तर आईचं खोटं उघडं पडतं. ते पोरगं मग काय ठरवतं? बापानं काहीतरी इतकं वाईट केलं की नावही काढू नये. खरं तर बाप कर्जानं, पडलेल्या भावानं, न आलेल्या पावसानं आणि एकटेपणानं गेला होता. हे त्याला वेळेवर, त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत कळलं असतं, तर शरमेऐवजी दुःख वाट्याला आलं असतं. आणि स्वतःला कधी तसं वाटू लागलं तर कुणाशी तरी बोलता आलं असतं. आत्महत्या घडलेल्या घरातल्या मुलांना जास्त जपावं लागतं. जिथं घटनाच अस्तित्वात नाही असं ठरवलंय, तिथं जपणार कसं?

‘घराची अब्रू’ हा सगळ्यांत शेवटचा आणि सगळ्यांत खरा मुद्दा. मुलाच्या काळजीचं नाव घेतलं जातं, पण अनेक घरांत जपली जाते ती मोठ्यांची अब्रू: मूल झालं नाही ही गोष्ट, लग्नाआधी झालं ही गोष्ट, दुसरं घर होतं ही गोष्ट, कर्ज फेडता आलं नाही ही गोष्ट. मोठ्यांना स्वतःच्या आयुष्याबद्दल गप्प राहायचा हक्क आहे, तो कुणी हिरावू नये. आजीचं पहिलं लग्न तिचं तिला ठेवू द्या. पण जे मुलाच्या जन्माचं, रक्ताचं, बापाच्या मरणाचं आहे, ते मोठ्यांच्या अब्रूखाली गाडायचं नाही.

ज्यांच्या घरात लहान मूल आहे, त्यांनी ते बोलायला लागल्यापासून सांगायला सुरुवात करावी. गोष्टीसारखं सांगावं, पुन्हा पुन्हा सांगावं, इतकं की ते कधी पहिल्यांदा कळलं हे त्याला आठवूच नये. ज्यांचं मूल मोठं झालंय आणि अजून सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी चांगला मुहूर्त केव्हाच टळलाय. आता उरलेल्यांतला बरा मुहूर्त आजचा. आई-वडील दोघांनी मिळून, दोघंही हयात असताना, घरी, निवांत वेळी बसावं. कागद समोर ठेवावेत, आधी का सांगितलं नाही ते खरं सांगावं आणि माफी मागावी. मूल रागावेल, काही दिवस बोलणार नाही, कदाचित दुसऱ्या घरी जाऊन येईल. तेवढं सोसा. आणि भावकीनं, शेजाऱ्यांनी एवढंच करावं: भांडणात तोंडातून काढायचं नाही, लग्नाच्या वेळी धमकी म्हणून वापरायचं नाही, आणि जे आई-वडील सांगायला निघालेत त्यांना अडवायचं नाही.

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो, आणि बाहेर शिकायला-नोकरीला गेलेली पोरं त्या दिवसासाठी घरी येतात. ज्या घरात असं काही न सांगितलेलं आहे, त्या घरच्या मोठ्यांना माझं सांगणं आहे: या वर्षी रथ गेल्यावर पोराला थांबवून घ्या आणि सांगा.